टू बीएचके, कोपभवनासह

फ्लॅट बघायला गेलं की बिल्डरचा माणूस आधी गार पाणी देतो आणि मग पुस्तक देतो. गुळगुळीत कागदाच्या त्या पुस्तकात जिम असते, जॉगिंग ट्रॅक असतो, ज्येष्ठ नागरिकांसाठी झाडाखाली बाक असतं, हल्ली तर कुत्र्यांसाठीही हिरवळीचा वेगळा तुकडा राखलेला असतो. देवघर ईशान्येला, शेगडी आग्नेयेला. पुस्तकात एक नवरा-बायकोही असतात. हातात कॉफीचे मग घेऊन बाल्कनीत उभे राहून ते एकमेकांकडे बघत हसत असतात. आता हेच दोघं उद्या विजेचं बिल भरायचं कुणी विसरलं यावरून भांडले, तर त्यातल्या एकानं तरातरा उठून जायचं कुठं? नकाशात याचं उत्तर नसतं. मी एकदा त्या माणसाला तसं विचारलं. तो म्हणाला, "सर, क्लब हाऊस आहे ना!" क्लब हाऊस रात्री नऊला बंद होतं. संसारातली भांडणं साधारण तेव्हाच रंगात येतात.

दशरथाच्या राजवाड्यात ही सोय होती. वाल्मीकींनी तिला क्रोधागार म्हटलं आहे, आपण कीर्तनातून ऐकत आलो ते कोपभवन. दागिने भिरकावून, मळकं वस्त्र नेसून कैकेयी तिथं जमिनीवर जाऊन पडली आणि पुढचं रामायण घडलं. पण त्याचा दोष खोलीवर टाकणं बरोबर नाही. 'हवं ते दोन वर माग, सवडीनं माग' असं बायकोला सांगून ठेवण्याचा धांदरटपणा राजानं केला होता, खोलीनं नव्हे. मला कौतुक आहे ते त्या वाड्याचा आराखडा काढणाऱ्याचं. जिथं माणसं एकत्र राहणार तिथं राग येणारच, हे त्या गृहस्थानं धरून चाललं होतं. धान्याला कोठार, हत्तींना हत्तीखाना, रागाला खोली. आमच्या वास्तुतज्ज्ञांना आठही दिशा पाठ असतात. त्यांतली एकही भांडणाला राखून ठेवावी असं त्यांना वाटलेलं नाही.

आणि महाराष्ट्राचं तर दैवतच मुळी रुसव्याच्या पाठोपाठ आलेलं. राधेवरून बिनसलं म्हणून रुक्मिणी द्वारका सोडून दिंडीरवनात येऊन बसली आणि देव तिची समजूत काढायला निघाले, अशी पंढरपूरची कथा आहे. वाटेत पुंडलिकाचं दार लागलं. तो आईवडिलांचे पाय चेपत होता. त्यानं एक वीट सरकवली आणि म्हणाला, जरा थांबा. देव थांबले ते थांबलेच. भाविक ही गोष्ट पुंडलिकाच्या बाजूनं सांगतात, तशीच ती सांगायला हवी. पण रखुमाईच्या बाजूनं बघा. आपली समजूत काढायला म्हणून घरातून निघालेला नवरा वाटेत मित्राच्या दारात कमरेवर हात ठेवून उभा आहे. आजही पंढरपुरात विठोबा त्याच्या गाभाऱ्यात आणि रखुमाई मागच्या बाजूला तिच्या स्वतंत्र देवळात. दर आषाढीला लाखो वारकरी दोघांचंही दर्शन घेतात, पण मध्ये कुणी पडत नाही. आवार एक, देवळं दोन. सुखी संसाराचा याहून चांगला नकाशा मी अजून पाहिलेला नाही.

पामरांना एवढी जागा परवडत नाही. मुंबईच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तीत आजी-आजोबांसकट आठ माणसं, एक मोरी आणि एक पोटमाळा. तिथं रागावून जायला होती ती बाहेरची गॅलरी. तिथं उभं राहिलं की आपण रागावलो आहोत हे साऱ्या मजल्याला कळायचं, आणि साऱ्या मजल्याला कळलं की राग टिकवणं अवघड व्हायचं. शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला यायच्या. त्यांच्याकडे साखर असायची, त्यांना बातमी हवी असायची. कोपऱ्यातले आजोबा न विचारता निकाल द्यायचे. संडासाच्या रांगेपर्यंत दोन्ही पक्षांचं म्हणणं पोचलेलं असायचं आणि तिथं नवऱ्याला तीन अनुभवी माणसं 'जाऊ दे रे' म्हणायची. असं चव्हाट्यावर आलेलं भांडण फार दिवस टिकत नाही, त्याला लाज वाटते.

आता त्या चाळी पाडून टॉवर होताहेत. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घरातच स्वतःचा संडास, हे सुख ज्यांनी रांगा लावल्या त्यांनाच कळेल. त्याची चेष्टा मी करणार नाही. पण चाळ सुटली तशी गॅलरीही सुटली. भांडणाला प्रथमच लॅच लागला. दार बंद झालं की भांडण लोणच्यासारखं मुरतं, आणि मुरलेल्या भांडणाला चव येते हीच खरी पंचाईत.

आम्हा उपनगरी मंडळींचं हे आधीच झालेलं आहे. आमच्या इमारतीत मूळ नकाशात बाल्कन्या होत्या. सगळ्यांनी त्या सरकत्या काचा लावून हॉलमध्ये घेतल्या. चाळीस चौरस फूट वाढले म्हणून लोकांनी पेढे वाटले. घरातलं शेवटचं कोपभवन आपण टीव्ही युनिटसाठी दिलं, हे लक्षात आलं तोवर ग्रिल बसलं होतं.

अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं घरासारखी एक प्रयोगशाळाच थाटली होती. तिथं नवरा-बायकोंना राहायला बोलवायचं, कॅमेरे लावायचे, नाडी मोजायची आणि 'चालू द्या' म्हणायचं. आपल्याकडे हे काम सासूबाई यंत्राशिवाय करतात. गॉटमनसाहेबांचा एक निष्कर्ष असा, की जोडप्यांतले ६९ टक्के वाद कधी मिटतच नाहीत. माणसं ती भांडणं सोबत घेऊन जगतात. म्हणजे पंखा दोनवर की चारवर हा आमच्या घरातला प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या चिरंजीव आहे. मला कुतूहल आहे ते उरलेल्या ३१ टक्क्यांचं. ती मिटलेली भांडणं कुठली, ते कुणी सांगेल का?

त्यांचं दुसरं म्हणणं कामाचं आहे. भांडताना नाडीचे ठोके मिनिटाला शंभरावर गेले की माणसाला समोरच्याचं काही ऐकूच येत नाही. अशा वेळी निदान वीस मिनिटं भांडण थांबवावं, उठून दुसरीकडे जावं आणि तिथं जाऊन पुढच्या उत्तराची जुळवाजुळव करू नये. सल्ला उत्तम आहे. फक्त सिअ‍ॅटलमध्ये 'दुसरीकडे' असतं. आमच्याकडे आतल्या खोलीत मुलाचा ऑनलाइन क्लास, हॉलमध्ये वडील बातम्या बघत बसलेले, स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिटी व्हायची बाकी. वीस मिनिटं जायला उरतं ते बाथरूम. तिथंही दहाव्या मिनिटाला बाहेरून विचारणा होते, "बरं वाटत नाहीये का?"

जागा नाही म्हणून मग आपण अबोला शोधून काढला. बिल्डरशिवाय, सिमेंटशिवाय, महापालिकेच्या परवानगीशिवाय घराच्या मधोमध भिंत उभी करता येते, आणि हे तंत्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. बायका अबोला धरतात असा एक समज आहे. गॉटमनच्या अभ्यासात भांडणातून असं तोंड मिटून घेणाऱ्यांपैकी ८५ टक्के पुरुष निघाले. मला नवल वाटलं नाही. पुरुष अबोला धरतो तेव्हा तो 'शांत स्वभावाचा' ठरतो, बाई धरते तेव्हा 'फुगलेली'. फरक असलाच तर एवढा, की बाईचा अबोला घरात कळतो. पुरुषाचा कधी कधी चार दिवस कळतच नाही, त्यामुळे तो आणखी चिडतो.

अबोल्यातही संसार चालूच राहतो. दूध येतं, नळ येतो, शाळेची बस येते. त्यामुळे बोलावं लागतंच, फक्त कुणाशी ते मोघम ठेवायचं. "सिलिंडर संपलाय," हे फ्रिजला सांगितलं जातं. "ज्यांना जेवायचं असेल त्यांनी पानं घ्यावीत," अशी हॉलमध्ये घोषणा होते आणि भुकेलेले लोक, म्हणजे एकटा मी, गुपचूप ताटं मांडतात. पूर्वी निरोप न्यायला मुलं असायची. "बाबांना सांग भाजी गार होतेय," आणि बाबा दोन फुटांवर. आताची पिढी बाणेदार आहे; "तुम्हीच बोला ना," म्हणते आणि कानात हेडफोन घालते.

त्यांची जागा व्हॉट्सअ‍ॅपनं घेतली. आमच्या ओळखीच्या एका घरात अबोला चालू असताना सगळा व्यवहार कुटुंबाच्या ग्रुपवर होतो. त्यात सांगलीच्या सासूबाई आहेत, पुण्याची नणंद आहे, न्यू जर्सीतला दीर आहे. 'उद्या सकाळी पाणी येणार नाही, बादल्या भरून ठेवाव्यात,' असा संदेश स्वयंपाकघरातून निघतो, सर्व्हरवर फिरून हॉलमध्ये पोचतो. नवरा उठून बादल्या भरतो. न्यू जर्सीचा दीर अंगठा पाठवतो. सांगलीहून सासूबाई काळजीनं विचारतात, "अगं पण आमच्याकडे का नाही येणार पाणी?"

ही भिंत पडते कशानं, यावर मी पुष्कळ निरीक्षण केलं आहे. क्षमायाचनेनं ती क्वचितच पडते, कारण क्षमा कुणी कुणाची मागायची हा नवीन वाद असतो. ती पडते पाहुण्यांमुळे किंवा झुरळामुळे. स्वयंपाकघरातून "अहो!" अशी किंकाळी आली की भलेभले मानी पुरुष हातात चप्पल घेऊन धावतात. पाहुण्यांचं जरा गुंतागुंतीचं असतं. बेल वाजली की दोघंही क्षणात आदर्श जोडपं होतात. "ह्यांना गोड जरा कमीच लागतं," "हिच्या हातची बासुंदी खाऊन बघाच." तासभर उत्तम चालतं. पाहुणे लिफ्टमध्ये शिरले आणि दार लागलं, की दोघंही एकमेकांकडे बघत उभे राहतात, कारण आता अबोला चालू आहे की संपला हे दोघांनाही ठरवता येत नाही. अशा वेळी उरलेल्या बासुंदीचं काय करायचं हा प्रश्न फार उपयोगी पडतो.

हे सारं धुसफुशीबद्दल चाललं आहे, हे सांगून ठेवतो. ज्या घरात हात उगारला जातो तिथं कोपभवनाचा प्रश्न नसतो. तिथं २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ हा क्रमांक आहे, आणि 'घरातलं घरात राहू दे' म्हणणाऱ्या नातेवाइकांना आधी घराबाहेर काढावं.

तर, धुसफूस. बायकोचं परंपरागत कोपभवन म्हणजे माहेर. सरकारला हे कळत नसेल असं आपण समजतो, पण १७ मार्च २०२३ पासून एसटीनं महिलांना अर्धं तिकीट केलं. त्याआधी, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली होती. म्हणजे सून निम्म्या दरात रुसून माहेरी जाऊ शकते आणि सासूबाई चकटफू लेकीकडे. फिरतं कोपभवन, खिडकीजवळची सीट आणि मध्ये दहा मिनिटं चहाला थांबा. चाळीस वर्षांच्या नवऱ्याला मात्र पूर्ण तिकीट. त्यानं रागावून जावं असं शासनाचं धोरण दिसत नाही.

जे जाऊ शकत नाहीत त्यांना मिक्सर आहे. बाहेरच्याला वाटतं सकाळी साडेसहाला इडलीची चटणी चालली आहे. घरातल्याला कळतं, की ओल्या नारळाला एवढा वेळ लागत नाही.

नवरे पूर्वी लोकलमध्ये मोकळे होत. डोंबिवलीला चढायचं, भजनी मंडळात टाळ घ्यायचे आणि ठाण्यापर्यंत घरचा राग विठ्ठलाच्या नावावर जमा करायचा. डब्यातल्या बाकीच्यांना ते भक्तीत रंगले आहेत असं वाटे. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला तेव्हा लोकल, ऑफिस, माहेर, कट्टा, पानाची टपरी अशी यच्चयावत कोपभवनं एका रात्रीत बंद झाली. त्या काळात आमच्या इमारतीतल्या पुरुषांनी कचरा टाकायला जाण्याचा जो उत्साह दाखवला, तो ना त्याआधी कधी दिसला होता ना नंतर दिसला. पिशवीत एक केळ्याचं साल असायचं.

आता त्यांनी नवी जागा शोधली आहे. रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमधून चक्कर मारलीत, तर दोन-तीन गाड्यांमध्ये माणसं बसलेली दिसतील. इंजिन बंद, दिवे बंद, खुर्ची थोडी मागे टेकवलेली, रेडिओवर जुनी गाणी. ऑफिसहून आलेली असतात, पण वर गेलेली नसतात. किंवा वर जाऊन परत खाली आलेली असतात. एकमेकांकडे ती बघत नाहीत. सहा-सात लाखांची गाडी आपण घेतो ती कुठं जायला घेत नाही, बसायला घेतो, हे त्यातल्या एकानं मला सांगितलं. मी शेजारच्याच गाडीत होतो. वॉचमन सगळं जाणतो. "दुसऱ्या मजल्यावरचे काल अकरापर्यंत होते," असं तो आपणहून सांगतो. मी विचारत नाही. ऐकून घेतो एवढंच.

कायद्यानं या विषयाचा आमच्या बिल्डरपेक्षा जास्त विचार केला आहे. हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीनं घटस्फोट घ्यायचा तर आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्ज केल्यावर आणखी सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलं, तोवर ते सक्तीचं कोपभवनच होतं. पण माझा आवडता निकाल १९९१ चा. त्यात सर्वोच्च न्यायालय म्हणतं, 'वेगळं राहणं' म्हणजे वेगळ्या घरात राहणं नव्हे. एकाच छपराखाली राहूनही नवरा-बायको वेगळे राहत असू शकतात. गॅलरीत वाढलेल्या माणसाला हे कळायला न्यायालयापर्यंत जावं लागलं नसतं. मी हे आमच्या सोसायटीत एकदोघांना उत्साहानं सांगितलं. त्यांनी आधी घराकडे बघितलं आणि मग हळू आवाजात तारीख लिहून घेतली.

सोसायटीवरून आठवलं. आमच्याकडे खरं कोपभवन आहे, ते म्हणजे गच्ची. वारा आहे, टाकीची सावली आहे, खाडीपर्यंत नजर जाते. पण गच्चीला कुलूप आहे आणि किल्ली सेक्रेटरींकडे. 'मुलं पतंग उडवतात, सोलरचे पाइप तुटतात,' हे कारण. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तशी ती गेल्या वेळी घेतली गेली आणि आयत्या वेळच्या विषयांत चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी गच्ची उघडी ठेवण्याचा ठराव मांडला. कारण म्हणून त्यांनी पापड सांगितले. सप्टेंबरात पापड कोण वाळवतं, असं कुणीच विचारलं नाही. पार्किंगमधल्या मंडळींनी एकदम अनुमोदन दिलं. एरवी सिंकिंग फंडाच्या पाच रुपयांवरून दोन तास भांडणारी सभा एका मिनिटात एकमत झाली. ज्या दोन जोडप्यांचं आपापसात बोलणं बंद होतं, त्यांचेही चारही हात वर होते.

सेक्रेटरींना हा पराभव वाटला. त्यांनी अट घातली, की किल्ली वॉचमनकडे राहील, पण वर जाणाऱ्यानं वहीत नोंद करायची. नाव, फ्लॅट नंबर, जाण्याची वेळ, येण्याची वेळ, कारण.

ती वही मी अधूनमधून चाळतो. सुरुवातीची पानं सभ्य आहेत. 'कपडे.' 'टाकी बघणे.' 'सोलर.' 'डिश अँटेना,' तेही ज्यांनी अँटेना काढून तीन वर्षं झाली त्यांच्याकडून. मग लोक धीट होत गेले. 'हवा.' 'जरा.' पाचव्या मजल्यावरच्या सासूबाईंनी मराठी शाळेतल्या वळणदार अक्षरात 'सून' लिहिलं आहे. दोनच ओळी खाली, त्याच फ्लॅटमधून, 'सासू'. दोघींच्या वेळा जुळतात. खाली यायच्याही जुळतात, म्हणजे गच्चीवर काहीतरी बोलणं झालं असणार. बिल्डरच्या पुस्तकातल्या जोडप्यासारखे दिसणारे सातव्या मजल्यावरचे नवविवाहित आठवड्यातून दोनदा असतात. आधी एकेकटे, अलीकडे काही वेळा एकाच ओळीत दोघं, कारण 'चंद्र', आणि त्यातली एक रात्र अमावास्येची होती.

सर्वांत जास्त नोंदी पहिल्या मजल्यावरच्या एका फ्लॅटच्या आहेत. रोज रात्री जेवणानंतर, न चुकता. नाव बाईंचं, सही ठसठशीत, आणि कारणाच्या रकान्यात दर वेळी एकच शब्द: 'सेक्रेटरी'.